मुरलीअण्णांचं चोविसावं कलम

सात जानेवारी एकोणीसशे त्र्याहत्तर, रविवार, सकाळी नऊ. जागा काष्टी, बाजारपेठेमागची आमची आळी, मुरलीअण्णांच्या इस्त्रीच्या दुकानाचा ओटा. शिल्लक रुपये सदतीस, पैसे पंचाण्णव. हजर: मुरलीअण्णा, किराणा दुकानदार चंदूशेठ, ओव्या म्हणणाऱ्या शकूआक्का आणि मी. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून आळीच्या मेळ्याचा हिशेबही माझ्याकडे. गैरहजर: हसन क्लॅरोनेटवाला. तो रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला होता.

एवढं माझ्या वहीत आहे. पुढे विषय लिहिला आहे, ‘यंदा दुष्काळात मेळा घ्यावा किंवा कसे’, आणि त्याखाली ठराव, ‘घ्यावा’. या दोन ओळींच्या मध्ये मुरलीअण्णा दोन तास बोलत होते, ते वहीत नाही. ते कुठंतरी असावं म्हणून हे लिहितो आहे.

अण्णा बुटके होते आणि उजव्या बाजूला किंचित झुकलेले. कोळशाची पितळी इस्त्री तीस वर्षं त्याच हातानं उचलून खांदा उतरला होता. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे आडवे डाग होते. इस्त्री तापली की नाही हे ते गालाजवळ धरून बघत. दुकान बंद करताना निखारे राखेत विझवायचे, वर तळहात धरायचे, कुलूप लावायचे, दहा पावलं जायचे, आणि परत येऊन कुलूप काढून राखेवर पुन्हा हात धरायचे. हे रोज तीनदा. वाटेत कुणी भेटून बोलण्यात घोटाळा झाला तर चौथ्यांदा.

त्यांच्या तोंडी एकच पालुपद होतं, ‘धरून चाला’. धरून चाला की पाऊस आला. धरून चाला की माईक बंद पडला. एका बैठकीत मी मोजलं होतं, एकतीस वेळा. त्यांची बायको, सरूवहिनी, सांगायच्या, “लग्नात अंतरपाट धरला तवा ह्ये मामाला इचारत हुते, धरून चाला नवरी दुसरीच निघाली तर?” चंदूशेठनं एकदा त्यांना खिजवलं होतं, “अण्णा, धरून चाला की सगळं नीट पार पडलं. मग काय करायचं?” अण्णांनी विचार केला, अगदी खरा विचार केला, आणि म्हणाले, “मंग काय करायचं त्ये मला म्हाईत न्हाई.”

शाळा त्यांची दोन यत्ता झालेली. अक्षर लावून लावून वाचायचे. पण खुणा त्यांना शंभर पाठ होत्या. धुवायला आलेल्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या काठाला ते बिब्ब्याच्या रसानं खूण करत, घरागणिक वेगळी. ती खूण कापड फाटेपर्यंत जात नसे. आमच्या घराची दोन टिंबं आणि खाली आडवी रेघ. हसनच्या घराची तीन उभ्या रेघा. चंदूशेठची फुली. रस्त्यानं माणूस चालला की आपण म्हणतो अमका चालला. अण्णांच्या डोळ्यांपुढे आधी खूण येत असावी.

आळीचा मेळा सुरू झाला तोही एका खुणेमुळेच. एकोणसत्तरच्या जत्रेत गावानं वर्गणी काढून दोनशे रुपयांत ‘पुण्याचा ऑर्केस्ट्रा’ आणला. तिकीट आठ आणे. त्या मंडळींचे चकचकीत कोट सकाळी इस्त्रीला अण्णांकडे आले. अण्णांनी सवयीनं कॉलर उलटी केली, तर आत दौंडच्या परटाची ओळखीची खूण. असेच कोट हसननं हंगामात अण्णांकडे आणलेले असत, कारण दौंडच्या त्या बॅन्डमध्ये तो लग्नसराईला वाजवायला जायचा. म्हणजे ऑर्केस्ट्रा पुण्याचा नव्हताच. अण्णा हातातली इस्त्री ठेवून माझ्याकडे सोसायटीत आले आणि दाराशीच उभं राहून म्हणाले, “सेक्रेटरी, दोनशे रुपये दौंडला गेले. आन् आपला हसन दोरीच्या भायेर हुबा ऱ्हानार.” संध्याकाळी तसंच झालं. हसनकडे तिकिटाचे आठ आणे नव्हते. त्याच्याबरोबर वाजवणारे चौघे वर, आणि हा खाली दोरीपाशी.

पुढच्या वर्षी माघात आमच्या आळीनं आपला मेळा केला. आळीत जो काही करतो त्यानं ते चौकात येऊन करायचं. हसननं वाजवायचं, शकूआक्कानं ओव्या म्हणायच्या, सुतारानं लाकडी बैल मांडायचे, साळ्यांच्या पोरांनी लेझीम खेळायचं. कोण केव्हा हे अण्णांच्या पत्र्याच्या डब्यातल्या चिठ्ठीवर, म्हणजे मान कुणाचाच आधी नाही. नियम तीन. ऐकणाऱ्यानं काही द्यायचं नाही. आळीबाहेरचा कलाकार नाही. आणि करणाऱ्याला एक नारळ, बाकी काही नाही.

तिसऱ्या नियमाला माझा विरोध होता. माणसानं घाम गाळायचा तर दोन रुपये तरी हातावर ठेवावेत, असं मी म्हणालो. अण्णा म्हणाले, “पैशे दिलं की हसन बॅन्डवाला हुतो, सेक्रेटरी. वर्साचं तीनशे चौसष्ट दिवस त्यो बॅन्डवालाच हाय. येक दिवस त्याला हसन असू द्या.” मी तो नियम लिहून घेतला.

चौकात मागं लावायला पडदा हवा होता. अण्णांनी मांजरपाट आणून तो सरूवहिनींकडून शिवून घेतला आणि त्यावर चारी बाजूंनी बिब्ब्यानं आळीतल्या घरांच्या खुणा काढल्या. मेळ्याच्या सकाळी बाया पडद्यापाशी गर्दी करून ‘ही आमची, ही तुमची’ करू लागल्या. खुणा एकेचाळीस होत्या. घरं त्रेचाळीस. दोन घरांचे कपडे कधी दुकानात आलेच नव्हते, तेव्हा अण्णांच्या लेखी त्यांना खूणच नव्हती. त्यातलं एक घर केरसुण्या वळणाऱ्या रखमाबाईचं. ती पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेली, परत बघत आली, आणि मेळा सुरू व्हायच्या आत घरी निघून गेली.

अण्णांना हे दुपारी कळलं. जेवले नाहीत. हजार गोष्टी धरून चालणाऱ्या माणसानं हीच धरली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते रखमाबाईच्या दाराशी गेले. तुझं लुगडं दे, फुकट इस्त्री करतो, म्हणजे खूण पाडता येईल, असं म्हणाले. ती म्हणाली, माझं लुगडं माझ्या अंगावर हाय, त्ये देऊन मी काय नेसू? मग अण्णांनी तिलाच विचारलं की तुला कसली खूण पाहिजे. तिनं जमिनीवर बोटानं केरसुणी काढली. दुसऱ्या घराचीही खूण काढली गेली. त्या वर्षापासून अण्णा मेळ्याआधी आठ दिवस पडद्यावरच्या खुणा आणि आळीतली दारं रोज मोजत. त्रेचाळीस आणि त्रेचाळीस. मीही मोजून दाखवलं. माझ्यावर विश्वास ठेवत, आणि पुन्हा मोजत.

तर त्र्याहत्तर सालचा तो जानेवारी. आदल्या पावसाळ्यात पाऊस नाहीच. विहिरींचे तळ दिसत होते. धुणं बंद पडलं, कारण प्यायला नाही तिथं कपड्याला कोण देणार. अण्णांकडे नुसती इस्त्री राहिली, तीही लग्नं नसल्यानं नावाला. आळीतली निम्मी माणसं सकाळी भाकरी बांधून साडेचार मैलांवर खडी फोडायला जात. वरच्या आळीतले टोमणे मारत होते की लोक खडी फोडत्यात आन् ह्यांची आळी नाचती. अण्णांना हे लागलं होतं. त्या दिवशी ओट्यावर दोन तास ते दोन्ही बाजूंनी स्वतःच बोलत राहिले. घेतला तर लोक हसतील. नाही घेतला तर पुढच्या वर्षी कुणाच्या लक्षात राहील? धरून चाला की पुढचं वर्षही असंच निघालं.

शेवटी शकूआक्का म्हणाल्या, “यंदा जात्यात घालायला दाना न्हाई. मंग ओव्या म्हनू कुटं? चौकात तरी म्हनू द्या.”

ठराव झाला. तारीख अठरा फेब्रुवारी, रविवार, सकाळी नऊ ते बारा. खडीच्या कामाला सुट्टी शनिवारी असे, पण शनिवारी काष्टीचा बाजार. चौकात बैल आणि गाड्या, पडदा लावायला जागा नाही. म्हणून रविवारच.

पुढचे पाच आठवडे अण्णा रोज सोसायटीत येऊन मला कलमं सांगत आणि मी एका फुलस्केप कागदावर लिहून घेत असे. धरून चाला की माईक बंद पडला. मग घंगाळ वाजवून लोक गप्प करायचे. धरून चाला की शकूआक्कांना खोकला लागला. खडीसाखर चंदूशेठच्या खिशात. धरून चाला की वरच्या आळीतले हुल्लड करायला आले. त्यांना पुढे बसवायचं. अकरावं कलम असं: धरून चाला की पाण्याचा टँकर मध्येच आला, तर गाणं जिथं असेल तिथं थांबवायचं, सगळ्यांनी पाणी भरायचं, आणि पुन्हा तिथूनच सुरू करायचं. एकूण कलमं तेवीस झाली. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या.

पण हसन वाजवणार नाही हे कुठल्याच कलमात नव्हतं.

मेळ्याच्या आठ दिवस आधीच्या शनिवारी मी आणि अण्णा त्याच्या घरी गेलो. तो बाजेवर बसून बोटांना तेल चोळत होता. बोटं फुटली होती, उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. त्याची बायको जैनबी रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी थापत होती. चहा घेता का, असं तिनं विचारलं, आणि घरात साखर नाही हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून आम्ही नको म्हणालो. हसननं खाली बघत सांगितलं. “अण्णा, वाईट वाटून घिऊ नगा. फुकट वाजवायची ऐपत न्हाई ऱ्हायली माझी.”

मग त्यानं हिशेब सांगितला. तो बरोबर होता. मजुरी ढिगावर मिळे. दर सोमवारी सकाळी प्रत्येकाच्या खडीच्या ढिगाचं माप घेत, आणि माणशी दिवसाला दोन-अडीच रुपये पडत. माप भरलं नाही तर तुटीचे पैसे कापले जात, आणि दोनदा तूट आली की ढीग दुसऱ्याला देत. हसनची एकदा तूट आलेली होती, अंगठा ठेचला त्या आठवड्यात. रविवारी तो इथं आला तर सोमवारी दुसरी तूट नक्की होती.

परत येऊन आम्ही ओट्यावर बसलो. चंदूशेठनं सुचवलं, शिल्लक आहे, त्यातून हसनला तीन रुपये द्यावेत. मी म्हणालो, पैशानं ढीग भरत नाही, तरी एका दिवसाचं नुकसान तरी निघेल. कामावर जाणारे बाकीचे नुसते ऐकणारे होते; वाजवणारा त्यात हसन एकटा, तेव्हा खर्च तीन रुपयांचाच. अण्णा नाही म्हणाले. “आज हसनला दिलं, तर फुडल्या सालाला न घेता कोन गाईल? आन् ढीग दुसऱ्याला ग्येला तर त्ये तीन रुपये त्यो किती दीस खाईल?”

“मग काय करायचं?” मी विचारलं.

अण्णा समोरची दारं मोजू लागले.

मला राग आला. मी बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण नंतर ते मला फार दिवस पुरलं. मी म्हणालो, “अण्णा, नियम तुमचा आणि भूक हसनची. हा कुठला न्याय?”

ते उठून राखेवर हात धरून आले. निखारे त्या दिवशी पेटवलेलेच नव्हते. पुढचा आठवडाभर ते कलमं सांगायला सोसायटीत आले नाहीत. शुक्रवारी सरूवहिनी येऊन तो फुलस्केप कागद तेवढा मागून घेऊन गेल्या. मीही ओट्याकडे गेलो नाही.

अठरा तारखेला सकाळी सातला चौकात गेलो. दुकान बंद. ओट्यावर घडी घातलेला पडदा, त्यावर चिठ्ठ्यांचा डबा, डब्याखाली फुलस्केप कागद, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर इस्त्री ठेवलेली. अण्णा नव्हते. दर वर्षी ते साडेपाचलाच चौकात हजर असत आणि झाडणारीच्या मागं मागं फिरत.

सरूवहिनी म्हणाल्या, “फटफटायला सायकल घिऊन ग्येले. भाकर बांधून घेतली. कुटं त्ये इचारलं तर म्हनले, सेक्रेटरीला ठाव हाय.”

मला काहीच ठाव नव्हतं. आठ वाजले. चंदूशेठनं सुताराला रेल्वेच्या रुळांच्या बाजूला पाठवलं, का ते बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या एकानं जाऊन विहिरीत डोकावून पाहिलं. तिच्यात पाणी नाही हे त्याला माहीत होतं. सरूवहिनींनी हे पाहिलं आणि त्या ओट्यावर बसून राहिल्या. मी आठवडाभरापूर्वीचं माझं वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होतो. लोक जमायला लागले. वरच्या आळीतलेही आले होते, मागं उभे राहून मजा बघत. पडदा लावला. बायांनी आपापल्या खुणा पाहून घेतल्या. रखमाबाईनं केरसुणी पाहिली आणि पुढे बसली.

नऊला दहा कमी असताना, आता काय करायचं असतं ते बघावं, म्हणून मी इस्त्री उचलून कागद काढला. तेवीस कलमं माझ्या अक्षरात होती. त्याखाली, समासात, बिब्ब्याच्या काळ्या रसात मोठी वाकडी अक्षरं होती. ‘धरून चाला मी न्हाई.’ आणि त्यापुढे, जिथं उपाय लिहायचा तिथं, दोन टिंबं आणि खाली आडवी रेघ.

ती आमच्या घराची खूण. म्हणजे मी.

मी आयुष्यात सोसायटीच्या वार्षिक सभेत अहवाल वाचण्यापलीकडे चार लोकांत बोललेलो नाही. पण कागदावर असेल ते करणं हा माझा धर्म आहे. डबा घेऊन पडद्यापुढे गेलो. अण्णा दर वर्षी कलाकाराचं नाव सांगण्याआधी त्याच्या घराच्या खुणेवर हात ठेवत, तसा ठेवला. पहिली चिठ्ठी शकूआक्कांची निघाली. त्यांनी सात ओव्या म्हटल्या. खोकला लागला नाही. मग लेझीम. मग सुताराच्या बैलांची ओळख मी करून दिली. ती बहुधा अहवालासारखीच झाली असावी, कारण चंदूशेठ तोंडाला रुमाल लावून हसत होता. माझे कान मात्र सगळा वेळ रस्त्याकडे.

सव्वादहाच्या सुमाराला सायकलची घंटी ऐकू आली. अण्णांच्या घंटीची वाटी चिरलेली होती, तिचा आवाज आळीत कुणीही ओळखत असे. सरूवहिनी उठून उभ्या राहिल्या. सायकल चौकात आली. वर हसन होता, पापण्यांवर खडीची पांढरी धूळ.

“अण्णा कुठायत?” मी विचारलं.

“माझ्या ढिगावर,” हसन म्हणाला.

तो धापा टाकत सांगत होता. दिवस उगवायला अण्णा कामावर पोचले होते. हातोडा मागितला. हसन नाही म्हणाला, तर ढिगावरच बसून राहिले. म्हणाले, नियम माझा हाय, तवा त्याचा भार बी माझ्यावर. तू सायकल घे. दोन-अडीच तासांनी हसनला कळलं की आपण हातोडा देत नाही आणि हा माणूस आपल्याला काम करू देत नाही. ढीग मात्र तेवढाच राहतो आहे. मग निघाला. “मला जाताना म्हनले, सेक्रेटरीला सांग, न्याय बगून घ्या म्हनावं.”

मी पडद्याकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिलो. कारण हसनची खूण शोधायची होती.

हसननं घरून क्लॅरोनेट आणलं. बोटांना चिंध्या होत्या, त्या सोडल्या. लग्नात नवरी निघताना बॅन्ड जे वाजवतो, ते त्यानं वाजवायला घेतलं, पण सावकाश, वरात पुढे नसल्यासारखं. पहिल्या काही मिनिटांत सूर तीनदा फाटला. एकदा त्यानं थांबून बोट चोखलं. मागं उभा असलेला वरच्या आळीतला एक जण हसला आणि मग गप्प झाला.

तेवढ्यात टँकर आला.

शनिवारी यायचा तो रविवारी आला होता. बाया उठल्या. अकरावं कलम स्पष्ट होतं, गाणं थांबवायचं. मी हसनकडे हात केला. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. त्याला उन्हं माथ्यावर यायच्या आत परत पोचायचं होतं. थांबायला त्याच्याकडे वेळ नव्हता. तो वाजवत वाजवत टँकरपाशी गेला आणि रांगेच्या कडेला उभा राहिला. एरवी त्या रांगेत हंड्यांनी डोकी फुटत. त्या दिवशी पाणी भरेपर्यंत कुणी नंबर मोडला नाही. माझ्या मोजणीनं सत्तर हंडे भरले, आणि त्याचं वाजवणं शेवटच्या हंड्याच्या थोडं आधी संपलं. मी त्याला नारळ दिला. कलम मोडलं गेलं याची नोंद मी वहीत केली आहे.

बारा वाजता पडदा उतरवून मी सायकल काढली आणि कामावर गेलो. हसन पुढे जाऊन पोचला होता आणि अण्णांच्या हातून हातोडा काढून घ्यायचा प्रयत्न करत होता. अण्णा ढिगाशेजारी मांडी घालून बसले होते. धोतर फाडून दोन्ही तळहातांना बांधलं होतं आणि त्यातून रक्त आलं होतं. तिथंच कामावर असलेली जैनबी मला म्हणाली, “घिऊन जावा ह्यान्ला. सकाळपास्नं सांगतीया, हातोडा असा दाबत न्हाईत, इस्त्री न्हाई ती.”

अण्णांनी मला पाहिलं आणि विचारलं, “खुना किती भरल्या?”

“त्रेचाळीस,” मी म्हणालो.

“आन् दारं?”

“त्रेचाळीस.”

माझ्या वाक्याबद्दल मला काहीतरी बोलायचं होतं. पण ते लगेच ढिगाकडे वळून हसनला विचारू लागले, की धरून चाला उद्या माप दोन पाट्यांनी कमी भरलं तर? म्हणून हसन, जैनबी, अण्णा आणि मी, आम्ही चौघे दिवस मावळेपर्यंत तिथं बसलो. मी खडी फोडली नाही, मला जमत नव्हती. मी पाट्या मोजल्या.

सोमवारी हसनचा ढीग भरला. ढीग त्याच्याकडेच राहिला, पुढे पाऊस पडेपर्यंत. अण्णांना मात्र नऊ दिवस इस्त्री धरता आली नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी हसन अडीच रुपये घेऊन अण्णांकडे गेला. त्यांच्या एका दिवसाची मजुरी. अण्णांनी घेतले नाहीत. हसन ते परत न्यायला तयार नव्हता. दोघंही सोसायटीत आले, आणि माझ्या टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांशी न बोलता माझ्याशी बोलले. मी अडीच रुपये अनामत म्हणून जमा धरले. मेळ्याच्या शिलकेत मिसळले नाहीत. वेगळ्या पाकिटात ठेवले.

उन्हाळा संपता संपता अण्णांनी दुकान बंद केलं. पाऊस पडला असता तरी धंदा उभा राहायला वर्ष गेलं असतं. मुलगा पुण्यात एका लॉन्ड्रीत होता. सरूवहिनी आधीच तिकडे गेल्या होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी अण्णांना पोचवायला काष्टी स्टेशनवर गेलो. इस्त्री पोत्यात बांधून त्यांच्या पायाशी होती. पडदा त्यांनी माझ्या स्वाधीन केला होता. दौंडला गाडी बदलायची म्हणून ते बेचैन होते. धरून चाला की दौंडची गाडी चुकली. धरून चाला की पुण्यात पोरगा स्टेशनावर आलाच न्हाई. मी प्रत्येकाला उत्तर देत होतो.

तिकिटाच्या खिडकीशी ते कनवटीचे पैसे सोडू लागले तेव्हा मी पाकीट काढलं आणि ही हसनची अनामत, असं सांगितलं.

“न्हाई,” अण्णा म्हणाले. “नियम हाय, सेक्रेटरी.”

“नियम कलाकारांना आहे,” मी म्हणालो. “तुम्ही खडी फोडली.”

याची त्यांनी तयारी केलेली नव्हती. मग तळहात उघडून त्यावरचे गुळगुळीत झालेले वण पाहिले आणि म्हणाले, “व्हय. फोडली खरी.”

गाडी सुटली तेव्हा ते खिडकीतून डोकं काढून काहीतरी विचारत होते. पडद्याला कसर लागली तर, असं असावं. मी ओरडून सांगितलं की निंबाचा पाला घातला आहे. त्यांनी कानामागं हात धरला. ऐकू गेलं की नाही मला सांगता येणार नाही. पुलाकडे वळेपर्यंत हात तसाच कानामागं होता.

घरी येऊन वहीत लिहिलं. अनामत खर्ची: श्री. मुरलीधर इस्त्रीवाले यांस, खडी फोडणे, एक दिवस, रुपये दोन, पैसे पन्नास; काष्टी ते पुणे एका तिकिटापोटी खिडकीवर अदा. तिकिटाचे वरचे साठ पैसे माझे, ते मेळ्याच्या खाती टाकलेले नाहीत.